पुरेसे म्हणजे किती?

‘पुरेसे’ हा शब्द आपल्या बोलण्यात जितका वारंवार येतो, तितकाच तो अविचाराने येतो. ताटातला भात पुरेसा आहे, मुलाला पुरेसे शिक्षण दिले, म्हातारपणासाठी पुरेशी शिल्लक टाकली, अशी वाक्ये आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. त्या प्रत्येक वाक्यात कसले तरी माप गृहीत धरलेले असते. परंतु ते माप कोठून आले व कोणी ठरविले, याची चौकशी करण्याच्या खटाटोपात सहसा कोणी पडत नाही. सत्य, दया, क्षमा, परोपकार इत्यादी सद्‌गुणांवर नीतिशास्त्रकारांनी ग्रंथ लिहिले. पण संसारी मनुष्यास घडोघडी जो प्रश्न सोडवावा लागतो, तो बहुधा ‘खरे बोलू की खोटे बोलू’ असा नसून ‘किती देऊ, किती घेऊ, किती ठेवू’ असाच असतो. त्या कामी त्याच्या गाठीला असतात दोन-चार म्हणी. त्यांपैकी ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण ऐपतीचे माप सांगते, गरजेचे सांगत नाही; आणि ‘अति तेथे माती’ ही म्हण अतिरेकाचा परिणाम सांगते, पण अतिरेक कोठे सुरू होतो याविषयी मौन पाळते.

या प्रश्नाचा विचार आम्ही आज एका अगदी क्षुद्र वस्तूच्या आधाराने करू इच्छितो. ती वस्तू म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सची लहानसहान उपकरणे जुळविताना कथलाच्या डागाने जोडावयाची, वर आवरण असलेली बारीक तार. वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात तारेची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु माणसांच्या व्यवहारातील गुंतागुंतीमुळे जे प्रश्न धूसर होऊन बसतात, ते निर्जीव वस्तूंच्या व्यवहारात कधी कधी स्वच्छ दिसतात. तारेला भीड नसते. तिला कमी झाले किंवा जास्त झाले, तर ती ते मनात ठेवीत नाही.

आमचे पेठ वडगाव हे हातकणंगले तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. वारणा आणि पंचगंगा या दोन नद्यांच्या मधल्या टापूत वसलेले. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत या नद्यांना जे महापूर आले, ते इकडचा माणूस विसरणे शक्य नाही. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी चढले, नदीकाठच्या गावांतील माणसांना घरेदारे सोडून निघावे लागले. तेव्हा विज्ञान-प्रदर्शनासाठी काय करावे असा विचार करणाऱ्या या भागातील मुलाला पाण्याची पातळी वाढताच घंटा वाजविणारे यंत्र सुचले, तर त्यात नवल ते कोणते? असा विद्यार्थी तार आणावयास दुकानात जातो, तेव्हा बहुधा एवढेच म्हणतो, ‘‘मामा, चांगली जाड वायर द्या.’’ दुकानदार जाणता असला तर तो प्रथम विचारतो, ‘‘कशाला पायजे रं?’’ आमच्या मते या लेखाचा सारा विषय त्या तीन शब्दांत आला आहे. मुलाच्या मनात ‘चांगली’ आणि ‘जाड’ हे दोन शब्द समानार्थी आहेत. ते तसे नाहीत, हे दुकानदाराला गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून ऐकून कळलेले असते.

प्रथम तारेचा हिशेब पाहू. तारेतून वीज वाहू लागली म्हणजे तार तिला थोडाबहुत विरोध करते, आणि त्या विरोधापायी काही शक्ती उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने या विरोधाचा नियम १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. तार जितकी बारीक आणि जितकी लांब, तितका विरोध अधिक. एवढे ऐकून ‘मग जाड तारच बरी’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण आकडे मांडले म्हणजे तो टिकत नाही. अमेरिकन गेज नावाच्या मोजणीतील ३० नंबरची तार सुमारे पाव मिलिमीटर व्यासाची असते. तिच्या एक मीटर लांबीचा विरोध सुमारे ०.३४ ओहम भरतो. प्रदर्शनातील यंत्रावर जो इवलासा लाल दिवा लुकलुकतो, त्याला २० मिलिअँपिअर प्रवाह भरपूर होतो. तेवढा प्रवाह या मीटरभर तारेतून गेला तर वाटेत हरवतात अवघे सात सहस्रांश व्होल्ट. पाच व्होल्टांच्या भांडवलात ही तूट कोणाच्या ध्यानीही येणार नाही. परंतु याच तारेवर दोन अँपिअर खाणारी लहान मोटर चालवू गेल्यास जवळजवळ ०.७ व्होल्ट वाटेतच नाहीसे होतील, मोटर रडतखडत फिरू लागेल आणि तार हाताला गरम लागेल. तेथे २२ नंबरची, सुमारे ०.६४ मिलिमीटर व्यासाची तार घेतली म्हणजे तूट ०.१ व्होल्टाच्या आसपास येते. सारांश, एकच तार दिव्याला पुरून उरते आणि मोटरीला अपुरी पडते. ‘पुरेपणा’ हा काही तारेच्या अंगचा गुण नव्हे. तार आणि तिचे काम या दोहोंमधला तो संबंध आहे.

बरे, दिव्यालाही जाड तारच लावली तर बिघडले काय? दोन पैसे जास्त जातील, एवढेच ना? एवढेच असते तर आम्ही लेखणी उचललीच नसती. ज्या पाटीवर हे भाग जोडावयाचे, तिच्यावरील तांब्याचा थर सामान्यतः ०.०३५ मिलिमीटर जाडीचा असतो, आणि तिच्यावरील भोके एकमेकांपासून २.५४ मिलिमीटरांवर असतात. घरातील दिव्यांसाठी भिंतीतून नेतात ती तार आवरणासकट जवळजवळ तेवढ्याच जाडीची. ती दोन शेजारच्या भोकांत बसवू म्हटले तर बसत नाही. बळेच बसविली तर तिच्या ताठपणामुळे ती तरफेसारखी काम करते, आणि जरासा हिसका बसताच तांब्याची नाजूक टिकलीच पाटीवरून उचकटून निघते. शिवाय तांबे उष्णता झपाट्याने ओढून घेते. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे यांचे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळते. परंतु तारच उष्णता पळवू लागली, म्हणजे वितळलेले कथील तिच्याशी एकजीव न होता वर नुसते गोळा होऊन बसते. याला कच्चा डाग म्हणतात. वरून जोड झाल्यासारखा दिसतो, आत जोड नसतो. यंत्र आज चालते, उद्या रुसते, आणि दोष कोठे आहे हे शोधता शोधता माणूस मेटाकुटीस येतो. आमच्याच तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागिरालाही ठाऊक असते की, डाग जास्त भरला म्हणून दागिना जास्त पक्का होत नाही; डागात हलक्या धातूंची मिसळ असल्यामुळे उलट चांदीचा कस मात्र उतरतो.

यावर वाचक म्हणतील की, हा सारा कारागिरीचा विचार झाला. यात नीतीचा संबंध कोठे आला? तो असा आला. मुलगा ‘जाड द्या’ म्हणतो, ते उदारपणामुळे म्हणत नाही आणि सावधपणामुळेही म्हणत नाही. आपले यंत्र किती प्रवाह घेते, हे त्याने पाहिलेले नसते, म्हणून तो तसे म्हणतो. ते पाहावयाचे तर चार ओळी वाचाव्या लागतात, मीटर लावून मोजावे लागते, एखादा गुणाकार करावा लागतो. त्यापेक्षा दोन रुपये अधिक टाकणे सोपे. अर्थात ही जास्तीची तार म्हणजे चौकशीचे कष्ट टाळण्यासाठी भरलेला दंड होय. विशेष हे की, हा दंड भरताना आपल्याला शरम तर वाटत नाहीच, उलट आपण काटकसर केली नाही, हात आखडता घेतला नाही, असा संतोष वाटतो. आळसाला औदार्याचा पोशाख चढविण्याची ही हातोटी आपल्या व्यवहारात इतकी मुरली आहे की, तिच्याकडे आपले लक्षच जात नाही.

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने आपल्या निकोमेकियन नीतिशास्त्रात मध्यम मार्गाचे जे विवेचन केले आहे, त्याचा विपर्यास करून ‘दोन टोकांच्या बरोबर मध्ये उभे राहावे’ असा अर्थ पुष्कळ लोक काढतात. वस्तुतः त्याने नेमके याच्या उलट सांगितले आहे. दहा मापे अन्न फार आणि दोन मापे थोडे, म्हणून तालमीच्या वस्तादाने सरसकट सर्वांना सहा मापे अन्न नेमून द्यावे, असे होत नाही; मायलो नावाच्या प्रसिद्ध मल्लाला तेवढे कमी पडेल आणि नवख्या पोराला ते बाधेल, असा त्याचा आशय आहे. तालमींच्या या कोल्हापूर जिल्ह्यात हा दृष्टान्त कोणास समजावून सांगावयास नको. मध्य हा वस्तूचा नसून ज्याला ती द्यावयाची त्याच्या संबंधाने ठरतो. आणि म्हणून तो गणिताने काढण्यापूर्वी त्या माणसाकडे पाहावे लागते. तेवीसशे वर्षांपूर्वीचा हा विचार आमच्या तारेच्या दुकानात जसाच्या तसा लागू पडतो.

येथवर वाचून कोणाचा असा समज होईल की, आम्ही बारीकपणाची वकिली करीत आहो. जाडी हा दुर्गुण आणि बारीकपणा हा सद्‌गुण. तसे मुळीच नाही. बारीक तारेच्या हट्टापायी काय घडते, याचे ठळक उदाहरण अटलांटिक महासागराच्या तळाशी घडले. १८५८ च्या ऑगस्टात आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्या दरम्यान पहिली समुद्री तार जोडली गेली. तिच्यातील तांबे दर सागरी मैलास १०७ पौंड होते. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आलेला शास्त्रज्ञ, आधीपासून सांगत होता की, इतक्या लांबीवर संदेश मंदावतील, तांबे जाड हवे, आवरणही जाड हवे. कंपनीचा विद्युत्‌तज्ज्ञ व्हाइटहाउस याला ते पटले नाही. परिणामी व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचण्यास सोळा तास लागले. मग व्हाइटहाउसने वेग वाढविण्यासाठी जबर दाबाची वीज तिच्यात सोडली, तिचे आधीच अधू असलेले आवरण ती सोसू शकले नाही, आणि तीन आठवड्यांच्या आत-बाहेर ती तार कायमची मुकी झाली. १८६६ मध्ये जी तार यशस्वी झाली, तिच्यात तांबे दर सागरी मैलास ३०० पौंड होते, आणि गटापर्चाचे आवरणही तसेच वाढविलेले होते. चारच वर्षांनी, १८७० मध्ये, ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत तार टाकली, आणि आपला किनारा इंग्लंडशी समुद्रतळाने जोडला गेला.

हिंदुस्थानातील पहिल्या तारायंत्राची कथा याहून मौजेची आहे. ओशॉनेसी याने १८५१ साली कलकत्त्याजवळ जी तार उभारली, तिच्यासाठी त्याने नाजूक तार न घेता चक्क जाड लोखंडी सळ्या वापरल्या. विजेच्या हिशेबाने पाहता तेवढ्या जाडीची गरज नव्हती. परंतु त्याने हिशेब केवळ विजेचा केला नव्हता. वादळ, पक्षी, माकडे आणि वाटेवरची जनावरे यांचाही केला होता. म्हणजे व्हाइटहाउसने ज्या ठिकाणी जाडी नाकारली त्या ठिकाणी ती हवी होती, आणि ओशॉनेसीने जी जाडी घेतली ती उधळपट्टी नव्हती. दोघांतला भेद काटकसर आणि उदारपणा यांचा नाही. एकाने कामाची चौकशी केली, दुसऱ्याने ती करणाऱ्याचे ऐकले नाही.

आता यातली खरी अवघड गोष्ट पुढे येते. काम कळले तरी कोणत्या दिवसाचे काम धरावयाचे? आपल्या घराच्या भिंतीतून विजेच्या तारांबरोबर एक हिरवी तार गेलेली असते; ती जमिनीत उतरते. रोजच्या दिवशी तिच्यातून काहीही वाहत नाही. वर्षानुवर्षे ती बसून खाणाऱ्या पाहुण्यासारखी भिंतीत पडून असते. ‘तिला काम काय आहे, मग तिला बारीक तार पुरे,’ असे म्हणून तिच्यावर काटकसर करणारी घरे, किंबहुना ती तार अजिबात न जोडणारी घरेही, आपल्याकडे थोडी नाहीत. तथापि ज्या दिवशी धुण्याच्या यंत्रातील एखादी तार सुटून त्याच्या पत्र्याला टेकेल, त्या दिवशी सारा प्रवाह एकदम तिच्यावर येऊन पडावयाचा असतो, आणि तो तिने फ्यूज उडेपर्यंत, किंवा त्याच्या जागी बसविलेली कळ तुटेपर्यंत सोसला तरच ओल्या हाताने यंत्राला शिवणारी घरची बाई वाचावयाची असते. म्हणून घरगुती जोडणीत ती मुख्य तारेइतकीच जाड ठेवावी असा दंडक आहे. तिची जाडी रोजच्या कामावरून ठरत नाही, तिच्या एका दिवसावरून ठरते.

पुराची सूचना देणारे यंत्रही याच जातीचे. वर्षाचे तीनशे साठ दिवस ते मुके असावयाचे, आणि एखाद्या मध्यरात्री, पावसाच्या माऱ्यात, घरचे सारे झोपेत असताना त्याने ओरडावयाचे. त्यातील दिव्याला पाव मिलिमीटरची तार पुरते हे खरे. पण पाण्यात सोडलेल्या तारेला वारा हलविणार, पाणी ओढणार, उंदीर कुरतडणार. तेथे एकजिनसी तार वारंवार वाकून तुटेल; सात बारीक पदर एकत्र वळलेली, दुकानात ‘७/३६’ या नावाने मिळणारी मऊ तार हवी, आणि तिचे आवरणही पाण्यात टिकणारे हवे. पेटीच्या आत, जेथे काहीच हलत नाही, तेथे मात्र एकपदरी तारच सोयीची, कारण वाकवावी तशी ती राहते. एकाच यंत्रात, वीतभर अंतरावर, योग्य तार वेगळी झाली. कठीण दिवसासाठी ठेवलेली ही भर आणि आम्ही ज्याला वर दोष दिला ती जास्ती, या दोन वस्तू दिसावयास सारख्या असल्या तरी एक नव्हेत. भर ठेवणाऱ्याला आपण कशासाठी किती ठेवली हे सांगता येते. जास्ती देणाऱ्याला ते सांगता येत नाही.

तारेच्या निवडीत जाडीइतकेच महत्त्व आवरणाला आहे. साधे पीव्हीसीचे आवरण स्वस्त आणि सोलावयास सोपे. परंतु तापल्या इस्त्रीचे टोक सामान्यतः ३०० अंशांच्या वर असते, आणि नवशिक्याचा हात थोडा रेंगाळला की हे आवरण आक्रसून मागे सरते व तार उघडी पडते. टेफ्लॉनचे आवरण, ज्याचा शोध रॉय प्लंकेट याला १९३८ मध्ये लागला, सुमारे २६० अंशांपर्यंतची उष्णता दीर्घकाळ सोसते; पण ते महाग आणि सोलावयास चिवट. मोटरीच्या गुंडाळ्यांत असते ती तार तर उघडी असल्यासारखीच दिसते. तिच्यावरील लाखेसारखा पातळ थर खरवडल्याशिवाय, किंवा काही जातींत इस्त्रीनेच वितळविल्याशिवाय, डाग धरत नाही. आणखी एक लहानशी गोष्ट. आवरणाच्या रंगाने विजेला काहीच फरक पडत नाही. तरी जाणता कारागीर धन बाजूस तांबडी आणि ऋण बाजूस काळी तार घालतो. ते सौजन्य उद्या पेटी उघडून दुरुस्ती करणाऱ्या, कोण कुठल्या अनोळखी माणसाशी केलेले असते.

पण आवरण झाकतेही. आत काय आहे हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि तेथेच विश्वासाचा प्रश्न उभा राहतो. ‘३० नंबर’ म्हटले तर अमेरिकन मोजणीत ती तार सुमारे ०.२५५ मिलिमीटरांची, इंग्रजी मोजणीत ०.३१५ मिलिमीटरांची, म्हणजे एकाच आकड्याखाली तांबे दीडपट. हा निदान दोन भाषांमधला घोटाळा झाला. परंतु ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर चढवून ती निव्वळ तांब्याची म्हणून विकणे, हा घोटाळा नव्हे, ही लबाडी होय. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. चाकूने खरवडताच आतला पांढरा रंग उघडा पडतो. अशी तार स्वतः वाईट असते असे नाही. अतिशय द्रुतगती विद्युत्‌लहरी तारेच्या पृष्ठभागाजवळूनच वाहत असल्यामुळे काही कामांना ती योग्यच ठरते. वाईट आहे ते तिचे खोटे नाव. पुरेसे किती याचा कोणताही हिशेब नावावर आणि आकड्यावर विसंबून करावा लागतो. नावच खोटे निघाले म्हणजे प्रामाणिक माणसाचा बिनचूक हिशेबही चुकतो. म्हणून खोट्या नावाने माल विकणारा केवळ पैशाचे नुकसान करीत नाही, दुसऱ्याच्या विवेकालाच अपंग करतो.

याच्या उलट, खऱ्या ज्ञानाने बारीकपणाला केवढे सामर्थ्य येते, हे पाहावयाचे असेल तर जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे जावे. तेथील प्रचंड रेडिओ-दुर्बिणीच्या तीस तबकड्या आहेत, आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. एवढी तबकडी भरीव पत्र्याची केली असती तर तिचे वजन आणि तिच्यावरील वाऱ्याचा दाब यांपायी खर्च आवाक्याबाहेर गेला असता. गोविंद स्वरूप आणि त्यांचे सहकारी यांनी विचार केला की, आपल्याला धरावयाच्या आहेत त्या लहरी लांब पल्ल्याच्या, एकवीस सेंटिमीटर आणि त्याहून मोठ्या. त्यांना बोटभर भोकांची जाळी ही भरीव भिंतीसारखीच. म्हणून सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारेची जाळी ताणून त्यांनी तबकड्या केल्या, वारा जाळीतून निघून जातो आणि लहरी अडतात. हा बारीकपणा दारिद्र्यातून आला असे म्हणणे चुकीचे होईल. काय धरावयाचे आहे, हे ज्याला नेमके कळले, त्यालाच काय सोडून द्यावे हे कळते.

आता तारेला बाजूस ठेवून घराकडे वळू. सुशिक्षित मध्यम स्थितीतील आईबापांच्या तोंडी एक वाक्य फार अभिमानाने येते: ‘आम्ही त्याला काही कमी पडू दिले नाही.’ सकाळी एक शिकवणी, संध्याकाळी दुसरी, सुटीत तिसरी. पुस्तके, यंत्रे, वर्ग, सारे काही भरपूर. या प्रेमाविषयी आम्हांस संशय नाही. पण या जाड तारेला ज्या ०.०३५ मिलिमीटरांच्या टिकलीवर जोडले, ती टिकली कोणी पाहिली होती काय? मूल गप्प बसते, गुण पडतात, जोड झाल्यासारखा दिसतो. आणि मग एके दिवशी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात किंवा नोकरीच्या पहिल्या, तो सुटतो. तेव्हा तेच आईबाप व्याकुळ होऊन विचारतात की, आमचे काय कमी पडले? कमी काहीच पडले नव्हते.

दुसरीकडे त्याच घरात ‘एवढे पुरे’ हेही वाक्य ऐकू येते. मुलीला एवढे शिक्षण पुरे. भांडी घासणाऱ्या बाईला एवढा पगार पुरे. गावाकडे एकट्या राहणाऱ्या आईला महिन्याला एवढे पाठविले की पुरे. मुलाला जास्त देताना जी चौकशी केली नाही, तीच येथे कमी देतानाही केलेली नसते. व्हाइटहाउसप्रमाणे आपण आधी तार ठरवितो, आणि मग समुद्र किती रुंद आहे याची चर्चा नको म्हणतो. त्या बाईच्या घरी आजारी माणूस आहे काय, त्या मुलीला पुढे काय करावयाचे आहे, त्या आईला पैसे हवेत की पायऱ्या उतरताना धरावयास हात हवा आहे, हे तिला विचारल्यावाचून कळत नाही. तारेला वाचा नाही, म्हणून तिचे माप मीटर लावून घ्यावे लागते. माणसाला वाचा असून आपण ते घेत नाही. कोणाला किती पुरे, हे ज्याने द्यावयाचे तोच ठरवितो आणि ज्याला पुरावयाचे त्याला विचारीत नाही, यात जो अन्याय आहे तो रकमेच्या कमी-जास्तीने भरून निघत नाही.

प्रेमात मोजमाप कसले, असा यावर शेवटचा आक्षेप येईल. प्रेम मोजून करावे असे आम्ही म्हणत नाही; प्रेमाने मोजावे असे म्हणतो. तान्ह्या मुलाला भरविणाऱ्या आईइतके बारीक माप कोणाचे असते? तिला चमचा कळतो, अर्धा चमचा कळतो, आज नको हेही कळते. कारण तिचे लक्ष वाटीकडे नसून मुलाच्या तोंडाकडे असते. तेथे मोजणे आणि माया करणे या दोन क्रिया राहतच नाहीत. मूल मोठे झाले, आपल्यापासून दूर गेले, किंवा माणूस आपल्या घरचे नसले, म्हणजे हे लक्ष सुटते, आणि मग आपण एक तर भरमसाट देतो किंवा हात आखडून घेतो.

तेव्हा पुरेसे म्हणजे किती, या प्रश्नाला एक आकडा हे उत्तर असू शकत नाही. पण एक रीत असू शकते. ज्याला द्यावयाचे त्याचे काम आणि त्याची शक्ती आधी जाणून घ्यावी. त्याला बोलता येत असेल तर त्यालाच विचारावे. त्यात त्याच्या सर्वांत कठीण दिवसाची भर घालावी, आणि ती भर कशासाठी घातली हे आपल्याला सांगता यावे. मग थांबावे. यातले पहिले पाऊल सर्वांत कंटाळवाणे आहे, म्हणून ते गाळण्याकडे आपला कल असतो. आणि ते गाळले म्हणजे पुढे दिलेले थोडे असो वा फार असो, ते अंदाजाने दिलेले असते. वारणेच्या काठी पावसाळ्यात झोपणाऱ्या माणसाच्या उशाशी ठेवावयाच्या यंत्रातली तार कोणी अंदाजाने निवडू नये, हे आपल्याला सहज पटते. उशाशी असलेल्या माणसांच्या बाबतीतही ते तितकेच पटावयास हवे.